टॉर्किलची डावी दाढी

दिवा जरा मोठा कर आणि बस अशी. त्या संध्याकाळी मी थर्मासमध्ये चहा भरत होते, ओटच्या भाकऱ्या फडक्यात बांधत होते, आणि दीर बाहेरून हाका मारत होता, "वहिनी, आटपा! मासे काय आपली वाट बघत बसणारेत?"

दीर म्हणजे फर्गस, आमच्या टॉर्किलचा धाकटा भाऊ. दोघंही डोंगरावरच्या तळ्यात ट्राउट धरायला जायचे. धरायचा टॉर्किल, फर्गस नुसता भिजून यायचा. कारण टॉर्किलची दाढी. तांबडीलाल! तिचे केस गळाला गुंडाळून तो नकली माशी बांधायचा, आणि ती पाण्यावर टेकली रे टेकली की मासे झडप घालायचे. भावाला मात्र मेल्यानं कधी एक केस दिला नाही.

वसंतात टॉर्किल गेला. रीतीप्रमाणे फर्गस प्रेताजवळ जागत बसला. सकाळी बघते तर दाढीची डावी बाजू सफाचट! चुलीच्या चिमट्यानं बडवला मी त्याला, पण उपयोग काय? अख्ख्या गावासमोर अर्ध्या दाढीचा नवरा पुरला मी!

त्या दिवसापासून सुरू झालं. दिवेलागणीला कोपऱ्यातल्या त्याच्या गळाच्या काठीची, दोरी गुंडाळायची चकरी आपोआप फिरायची. कर्र... कर्र... आणि दारात त्याचे ओले बूट. ते बूट मी पाद्रीबाबांना कधीच देऊन टाकले होते, तरी यायचे! लादी पुसून पुसून माझी कंबर गेली.

फर्गस म्हणाला, "दादाचा जीव त्या काण्यात अडकलाय." काणा म्हणजे तळ्यातला सगळ्यात थोरला, एका डोळ्याचा ट्राउट. जन्मभर टॉर्किलच्या हातून निसटला. "त्याला धरला की दादा सुटेल. तुम्हीही सुटाल." मला एक झोप हवी होती शांत. म्हणून त्या संध्याकाळी निघाले त्याच्याबरोबर.

वल्ही माझ्याकडे. टॉर्किल असतानाही माझ्याकडेच असायची. तळ्याच्या मध्यावर धुकं इतकं उतरलं की होडीचं टोक दिसेना. पहिला घोट तळ्याला द्यायचा, म्हणून फर्गसनं व्हिस्की ओतली. थेंबभर. धुक्यातून कुणीतरी म्हणालं, "च्च."

"वहिनी... तुम्ही बोललात?"

"नाही रे..."

"मग... अजून थोडी ओतू?"

"ओत. मुकाट्यानं ओत..."

मग सूंऽऽ... सूंऽऽ... गळाची दोरी फेकल्याचा आवाज. फर्गसची काठी तर अजून मांडीवरच होती. टॉर्किलच्या तंबाखूचा वास आला, अगदी कानाजवळ. फर्गसनं त्या कापलेल्या दाढीची माशी फेकली, ती माझ्याच टोपीत अडकली. धुक्यात कुणीतरी खो खो हसलं.

दुसऱ्यांदा ती पाण्यावर टेकली, आणि पाणी फुटलं.

"काणा! वहिनी, जाळं! जाळं घाला!"

बराच वेळ ओढाताण झाली. शेवटी मासा दमून होडीच्या कडेला आला, कुशीवर. एकुलत्या एका डोळ्यानं माझ्याकडे बघत होता. जबड्यात तांबडी माशी. आणि तेव्हाच ते सूंऽऽ थांबलं. तंबाखूचा वास विरायला लागला.

जाळं मी उचललंच नाही. आज घरी जाईन, आणि लादी कोरडी असेल. चकरी गप्प. मग ओरडायचं कुणावर मी?

खिशातून कात्री काढली आणि दोरी कापली. काणा खाली गेला.

"वहिनी! काय केलंत हे!" फर्गस रडायच्याच बेतात होता.

"तू दाढी कापलीस, मी दोरी कापली. फिट्टंफाट झाली. चहा पी."

घरी आले तर दारात बूट आणि लादीवर हे एवढं डबकं. इतक्या शिव्या दिल्या म्हणून सांगू! आणि मग गाढ झोपले.

परवा फर्गस आला, पांढराफटक पडलेला. काणा होडीशेजारी वर आला होता म्हणे.

"वहिनी, त्याला... दाढी आलीये. तांबडी. पार कल्ल्यापासून लोंबतेय..."

"डावीकडे ना?"

"हो, डावीकडेच! तुम्हाला कसं कळलं?"

मला ठाऊक होतं ते. टॉर्किलचा कंगवा अजून त्या खिडकीत आहे बघ. रोज सकाळी तो ओला असतो. दातांत एखादा लांब तांबडा केस, आणि केसाला चिकटलेला माशाचा खवला.