कोपऱ्यांचा समुद्र

शहापुरात विणकरांच्या आळीत मी माडीवर भाड्यानं राहत होतो. शाळेत चित्रकला शिकवायची आणि सुटीत घरी रंगवायचं. १९३७ साली दिवाळीआधी वेंगुर्ल्याचा किनारा रंगवायला घेतला. लाटांचे त्रिकोण, आभाळाचे चौकोन, वाळूची पिवळी पट्टी. वळणदार रेघ एकही नाही. दूर पाण्यावर एक काळा त्रिकोण ठेवला, शीड म्हणून.

खाली घरमालकीण यल्लव्वाचा माग बंद होता. तिचा मुलगा भरमू मुंबईच्या गिरणीत लागायला वेंगुर्ल्याहून गलबतानं निघाला होता. गलबत बुडाल्याची बातमी आली. माणसांची काहीच नाही.

एके सकाळी ती चहा घेऊन वर आली नि चित्रापुढे थबकली.

"मास्तर, ह्यो माझा भरमू."

"आक्का, शीड आहे ते."

"न्हाय. पवतोय त्यो."

दुसऱ्या दिवशी त्रिकोण किनाऱ्याकडे सरकलेला दिसला. रंग ओघळला असेल म्हणून बोट लावलं, तर रंग खडखडीत वाळलेला. मी त्याच्या टोकाशी पेन्सिलीची खूण केली. सकाळी खूण मागे राहिली होती. खोलीत ओल्या दोरखंडाचा, खारा वास भरला होता.

यल्लव्वा रोज येऊन चित्रासमोर बसे. एकदा घाबरून मी सगळं पुसून टाकायला टर्पेंटाइनचं फडकं उचललं. तिनं माझं मनगट धरलं.

"हात लावू नगासा. लई दमलाय त्यो."

मी फडकं खाली ठेवलं.

पुढं एका सकाळी त्रिकोण वाळूला टेकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भरमू दारात उभा! अंग सोललेलं, ओठ फुटलेले, पण जिवंत. यल्लव्वा त्याला कवटाळून रडत होती, हसत होती. आळी गोळा झाली. मीही जिन्यावर बसून रडलो. कित्येक दिवसांनी छाती भरून श्वास घेतला.

माणसं पांगल्यावर तो जेवायला बसला.

"पाण्याला कोपरं हुतं, मास्तर," तो म्हणाला. "एकेक कोपरा धरत आलो."

यल्लव्वानं त्याच्या ताटात आणखी भाकरी वाढली. तो थांबला.

"आई, अजून एक ताट मांड."

"कुणाला रं?"

"मागनं मला ढकलत आला न्हाय का त्यो! पाय धुतोय भाईर."

मी तर पाण्यावर एकच त्रिकोण काढला होता. दारामागं पाणी पडल्याचा आवाज येत होता.