सोळा अक्षरं

बाबा नेटवर्कवाले. घरातल्या यंत्रांना त्यांनी माणसांच्या वयाच्या क्रमाने नंबर दिले होते. राउटर एक, मग त्यांचं दोन, आईचं तीन, लेकीचं चार. पुढे यंत्रं बदलली, नंबर तेच राहिले. लेकीला जेवायला बोलवायचं तर चारचौघांसारखी हाक मारायची सोडून हा गृहस्थ आपल्या खोलीतून तिच्या कॉम्प्युटरला पिंग करायचा, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारणारं एक छोटं पाकीट नेटवर्कवरून धाडायचा. त्यात रोमन अक्षरांत मराठी कोंबलेलं असायचं, ‘ताट वाढलंय’. सोळाच अक्षरं मावायची. "सोळात बसत नाही ते बोलूच नये," असं ते म्हणत.

ते वाचायचं तर नेटवर्कवरची पाकिटं पकडून उघडावी लागत. दहाव्या वर्षी लेक काळ्या पडद्यावर कमांड मारायला शिकली ती अशी, भुकेपोटी. पुढे त्यावरच तिचं पोट चाललं.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. आज ती आईला कायमचं आपल्याकडे न्यायला आली होती. सामान बांधून झालं, गाडी चार वाजता यायची होती, आणि आई राउटरला हात लावू देत नव्हती.

"आई, आता कोण वापरणार आहे ते?"

"असू दे चालू. दुपारी लागतं."

"कुणाला?"

आई आतल्या खोलीत जाऊन पडली. तिचा हट्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कुणी वापरत नाही हे पुराव्यानिशी दाखवू, म्हणून लेकीने फरशीवर बसून लॅपटॉप उघडला, आणि राउटरमध्ये शिरून त्याला घरातली सगळी पाकिटं पकडायला लावली.

बारा एकतीसला दोन नंबरने तीन नंबरला पिंग केलं.

दोन नंबरचा, म्हणजे बाबांचा, कॉम्प्युटर लेकीने स्वतःच्या हातांनी भंगारात दिला होता. तिने पाकीट उघडलं. ‘ताट वाढलंय.’ तिचे डोळे भरून आले. घाबरायचं सुचलंच नाही. आधी भूक लागली.

तीन नंबर म्हणजे आता आईचा फोन. पिंगला ओ द्यायला माणूस लागत नाही. यंत्रच आलेली अक्षरं जशीच्या तशी परत पाठवतं, आणि फोनने तेच केलं होतं. कुणीतरी चेष्टा करतंय, असं स्वतःला बजावत तिने खिडकीतला आईचा फोन उचलून बंद केला.

पुन्हा पिंग आलं. तीन नंबरने ओ दिली.

तिने हातातल्या फोनकडे पाहिलं. तो बंदच होता.

तिने उत्तराचं पाकीट उघडलं. अक्षरं जशीच्या तशी नव्हती. पाकीट भरेपर्यंत एकच शब्द पुन्हा पुन्हा होता, ‘आलेच’.

"आई?"

आतून पंख्याचा आवाज येत होता.

"आई, ऐकतेस ना?"

पडद्यावर आणखी एक ओळ आली. या खेपेला दोनकडून चारला.

‘तू सावकाश ये.’

त्या ओळीखाली, तिच्या लॅपटॉपने ओ दिलेली होती.