पाळण्यावरचा न

त्याला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो माझ्या खुर्चीत बसून माझ्या चिठ्ठ्या वाचत होता.

आमच्या शब्दकोशाच्या कार्यालयात प्रत्येकाला एकेक अक्षर वाटून दिलेलं आहे. माझ्या वाट्याला न आलाय. न पासून सुरू होणारा शब्द कुठून आला, लोकांनी तो कधी आणि कशासाठी वापरला, ते जाड चिठ्ठीवर लिहायचं आणि लाकडी कपाटाच्या कप्प्यात लावायचं, हे माझं काम. चार दिवसांच्या रिपरिपीने कपाट फुगलं, माझा कप्पा अडकून बसला, म्हणून साहेबांनी सुतार बोलावला होता. हा तोच सुतार. कप्पा बाहेर काढून झाला होता, पण रंधा जमिनीवर पडला होता आणि स्वारी वाचनात गुंग.

"अहो, त्या चिठ्ठ्यांना हात लावायचा नसतो!"

तो ताडकन उठला. केसांत भुसा, कानामागे पेन्सिल.

"चुकलं. पण हा नारिंग शब्द... संस्कृतातून फारशीत, तिथून अरबीत, मग स्पॅनिशमध्ये? एवढं तर मीही फिरलो नाही."

मला हसू आलं. मी ते दाबलं, पण त्याने पाहिलंच.

"एक विचारू?" तो म्हणाला. "यात मुलींची नावं असतात का? न वरूनच हवंय."

"न वरूनच का?"

त्याने मान खाली घातली. "माझ्या आगाऊपणामुळे."

मग त्याने सगळं सांगितलं. बहिणीने बाळाचं नाव आधीच ठरवून ठेवलं होतं. मामाने उत्साहाच्या भरात पाळणा केला आणि डोक्याकडच्या फळीवर वीतभर उंचीचा न कोरला. इतक्यात बहिणीच्या जावेला पंधरा दिवस आधी मुलगी झाली आणि तिने ते नाव पटकावलं. आता भाची बारा दिवसांची होती, सगळे तिला ठमी म्हणत होते, आणि येत्या सोमवारी पाचच्या आत नावाचा अर्ज द्यायचा होता.

"दुसऱ्या अक्षरावरून ठेवा की."

"लाकडाला खोडरबर चालत नाही हो," तो इतक्या काकुळतीने म्हणाला की मी चिठ्ठ्या चाळायला घेतल्या.

त्या दिवशी मी त्याला निमिषा दिलं. निमिष म्हणजे पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. हे सांगताना माझीच पापणी उगाच दोनदा लवली.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. कप्पा अजून घासत होता म्हणे.

"काय म्हणाली बहीण?"

"म्हणाली, चौदा तास कळा दिल्या मी. पापणी लवायचा वेळ म्हणे!"

मुद्रितं तपासणाऱ्या मावशी पलीकडच्या टेबलावर खुदकन हसल्या. त्यांचं वय साठीचं, चष्मा जाड, पण नजरेतून काही सुटत नाही.

मग मी नताशा काढलं. "मूळ लॅटिन, जन्माशी नातं सांगणारं. रशियनमध्ये जाऊन लाडाचं झालं."

"जन्माला आलीय हे दिसतंयच, असं म्हणेल ती."

"नाओमी? हिब्रू. अर्थ आनंददायी."

"तुम्ही तिचं रडणं ऐकलेलं नाही."

"निलोफर घ्या मग. आपलंच नीलोत्पल, निळं कमळ. फारशीत गेलं, तिथे राहिलं, आणि वेगळा वेश करून परत आलं."

रंध्यावर हात ठेवून नुसता माझ्याकडे बघत राहिला.

"काय झालं?"

"काही नाही... तुम्ही शब्दांबद्दल असं बोलता, जणू ते तुमच्याकडे राहायला येतात."

मी चिठ्ठी उलटी धरून वाचू लागले. मावशींनी खोकून घेतलं.

गुरुवारी तो आला तेव्हा कप्पा लोण्यासारखा सरकत होता. त्याने तो उघडला, बंद केला, पुन्हा उघडला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "अजून बघावं लागेल." मीही तितक्याच गंभीरपणे "हो, बघाच" म्हणाले. त्या दिवशी आम्ही नूर पाहिलं, नादिया पाहिलं, एक अरबी उजेड आणि एक रशियन आशा. पाहताना चहा गार झाला. घरी जाताना मला कळलं की मी उद्याची वाट बघतेय, आणि ती नावांसाठी नाही.

शुक्रवारी तो धावतच आला. "मिळालं! ताईला आवडलं, भावजींना आवडलं, सगळ्यांना सांगूनही झालं. निवेरा! मोबाइलवर सापडलं. अर्थ आहे, चांदण्यातली झुळूक."

आता माझी एक खोड सांगते. चुकीचा अर्थ ऐकला की माझ्या जिभेला धीर धरवत नाही. मी सात कोश खाली काढले. संस्कृत झालं, फारशी झालं, अरबी झालं. चांदणं नाही, झुळूक तर नाहीच.

"हे कुठेच नाही," मी म्हणाले. "कुणीतरी बसल्या बसल्या जुळवलंय. त्या साइटवर निम्म्या नावांचा अर्थ झुळूक आणि उरलेल्यांचा देवाची देणगी असतो. या नावाला अर्थच नाहीये."

मी शाबासकीची वाट बघत होते. त्याचा चेहरा मात्र उतरत गेला.

"खात्री आहे?"

"शंभर टक्के."

"मग तिला सांगावं लागेल," तो हळूच म्हणाला. "मला खोटं बोलता येत नाही." रंधा पिशवीत टाकून तो गेला.

शनिवारी आला नाही. रविवारी सुट्टी. सोमवारी सकाळी मी कप्पा दहा वेळा उघडला. मेला कुठेही अडकला नाही.

"अगं, तू त्याला शब्द तपासून दिलास," मावशी म्हणाल्या. "त्याने तुला शब्द दाखवला नव्हता. भाची दाखवली होती."

मला रडूच आलं. त्याच्या बहिणीने ते नाव किती जणांना कौतुकाने सांगितलं असेल... आणि तो पुन्हा येणार नव्हता, हे दुखणं वेगळंच. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आमच्या नोंदवहीत त्याच्या कारखान्याचा पत्ता होता. शेजाऱ्यांनी सांगितलं, बहीण वरच्या मजल्यावर राहते.

तिने दार उघडलं. खांद्यावर ठमी टाहो फोडत होती.

"मी ती... कोशवाली," मी म्हणाले.

"अर्थच नाही म्हणणारी?"

"तीच. माफी मागायला आलेय."

ती बाजूला झाली. आतल्या खोलीत तो पाळण्यासमोर गुडघ्यांवर बसला होता. हातात पटाशी. न ची कड तासायला घेतली होती. एक ढलपी फरशीवर पडलेली.

"थांबा!" मी ओरडले. ठमीसुद्धा क्षणभर गप्प झाली.

"ताई म्हणते, आता कुठलंही अक्षर नको," तो म्हणाला. "फळी कोरीच बरी."

मी ताईकडे वळले. "हे नाव तुम्ही का निवडलंत?"

"खरं सांगू? अर्थ मी नंतर वाचला. आधी नुसतं म्हणून बघितलं. तोंडात गोड वाटलं. हिला हाक मारावी तर अशी, असं वाटलं..." तिने ठमीला थोपटलं. "पण बिनअर्थाचं नाव घेऊन पोरीने जायचं कुठे?"

"ताई, मी उलटं बोलले हो. इतकी वर्षं हेच काम करतेय आणि तरी उलटं बोलले. आमच्याकडे एकही शब्द अर्थ घेऊन जन्माला येत नाही. कुणीतरी तो पहिल्यांदा म्हणतं, मग दुसरं कुणी म्हणतं. आम्ही फार मागून वही घेऊन येतो आणि विचारतो, यातून तुम्हाला काय म्हणायचंय? कमळालासुद्धा कुणीतरी पहिल्यांदा कमळ म्हणालंच ना? निवेराचा अर्थ मला सापडला नाही, कारण ती अवघी अठरा दिवसांची आहे. तो अजून व्हायचाय."

ताईने पदराने डोळे पुसले, ठमीला खांद्यावरून उतरवून माझ्या हातात दिलं आणि टेबलावरचा अर्ज ओढला.

"अरे, पटाशी ठेव खाली. किती वाजले?"

चार वीस झाले होते.

तिने सही केली, आणि आम्ही दोघे पळालो. त्याच्या स्कूटरवर, भुरभुर पावसात. मी त्याचा शर्ट धरला होता, अर्ज माझ्या ओढणीखाली होता, आणि वळणावर त्याने उगाचच वेग कमी केला.

जन्मनोंदणी कार्यालयात कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "आईवडील?"

"नाही नाही! मी मामा."

"साक्षीदार लागेल एक. या कोण?"

"या..." तो अडखळला. त्याचे कान लाल झाले. "या... यांनी..."

कारकुनाने कागद माझ्याकडे सरकवला. माझ्या नावापुढे एक रकाना होता: बाळाशी नातं. आयुष्यभर मी योग्य शब्द शोधायचं काम केलं, आणि त्या रकान्यापुढे पेन तसंच थांबलं. मागच्या रांगेतून कुणीतरी "आटपा" म्हणालं. मी लिहिलं, 'परिचित'.

शिक्का बसला. पाचला चार मिनिटं कमी होती.

जिना उतरताना तो पुढे होता. शेवटच्या पायरीवर थांबला.

"ते परिचित... मला नाही आवडलं."

"मग काय लिहायचं होतं?"

"तुम्ही हसाल."

"नाही हसणार."

"मला तुम्ही आवडता," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "पहिल्या दिवशी ओरडलात ना, तेव्हापासून. तीन दिवस आलो नाही, तर रंधा हातात धरवेना. म्हणून वाटतं... पुढेमागे तिथे मामी लिहावं."

मी हसणार नाही म्हणाले होते. पण हसले, आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणी आलं.

"आत जाऊन खाडाखोड केली तर तो कारकून मारेल आपल्याला," मी म्हणाले.

"म्हणजे... हो?"

"हो," मी म्हणाले. "हो, हो, हो."