शेवटून दुसरा स्वार

विमलनं फणसाच्या भाजीचा डबा नवऱ्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "गुणाला पोचवा. किती जीव ओतून चित्र काढतोय पोरगा... हात बघावा तर त्याचा."

लखूनं डबा पिशवीत टाकला. जोयड्यातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यानं रंगवलेल्या. गुणा ब्रश धरायला शिकला तो त्याच्याच हाताखाली. आणि बाजारकुणंगच्या वाटेवरच्या होमस्टेवाल्यानं हॉलसाठी भिंतभर चित्र सांगितलं, ते मात्र गुणाला.

हॉलमध्ये कुणी नव्हतं. भर दुपारीही रानानं उजेड अडवून धरलेला. टर्पेंटाइनचा उग्र वास. समोर चित्र : इंग्रजांच्या काळातली कुठलीशी लढाई संपलेली, फौजेतले उरलेसुरले स्वार परतीला लागलेले. माना टाकलेले घोडे, फाटके अंगरखे, चिखल.

लखू भिंतीजवळ गेला तो शेवटून दुसऱ्या स्वाराकडं बघून. कपाळाला पट्टी, ओठ किंचित उघडे. कुणाला तरी हाक मारता मारता थांबल्यासारखे. असा चेहरा लखूला उभ्या जन्मात जमला नव्हता.

त्यानं चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि त्या चेहऱ्यावरून फिरवली. रंग सहज निघाला. चिंधी मात्र कोमट लागली... आणि कुठून तरी घोड्याच्या घामाचा वास आला.

मागं पाऊल वाजलं. दारात गुणा.

"अण्णा... त्याला पुसलंत?"

"चुकून हात लागला रे."

गुणा चिडला नाही. आवाज दाबून म्हणाला, "त्याला मी काढलंच न्हाई, अण्णा. एका सकाळी बघतो तर पार मागं, ठिपक्याएवढा. मग रोज जरासा जवळ... पुसायची हिंमत न्हाई झाली माझी."

लखूला आधी बरंच वाटलं. म्हणजे तो चेहरा गुणाच्या हातचा नव्हताच! मग त्याची नजर चित्राकडं गेली. त्यानं पुसला होता नुसता चेहरा. पण तिथं आता रिकामं खोगीर होतं.

खिशात फोन वाजला. विमल होती. झोपेत बोलावं तसा सावकाश, दबका आवाज.

"अहो... कोण तरी आलाय. तोंडाला फडकं धरलंय. बोलत न्हाई. खुणेनं ब्रश मागितला, तुमचा दिला."

"विमल, बाहेर हो! आधी घराबाहेर हो!"

"आरशापुढं बसलाय... आपल्या लग्नातला फोटो समोर ठेवलाय. त्यात बघून तोंड रंगवतोय... तुमचं."

"विमल..."

"गप्प बसा वाईच," ती कौतुकानं म्हणाली. "डोळे काढतोय आता. तुम्हाला असं कधी जमलं न्हाई हो..."