धरणाचं घड्याळ

मी दोन्ही मनगटांवर घड्याळ का बांधते, असं तुम्ही विचारलंत. सांगते. फक्त तो दिवा जरा अलीकडे सरकवा.

डावीकडचं माझं. उजवीकडचं डॅडींचं. तीस वर्षं ते या नदीवर पाहुण्यांना मासेमारीला नेत होते आणि तीस वर्षं लोक त्यांना "दोन घड्याळवाला किनकेड" म्हणून चिडवत होते. धरण आहे पलीकडच्या जिल्ह्यात, आणि मधून टाइम झोनची रेषा जाते, म्हणून तिथली वेळ आमच्यापेक्षा एक तास पुढे. पाणी सोडण्याची वेळ जाहीर होते ती धरणाच्या घड्याळाने. म्हणून एका हातावर घर आणि दुसऱ्या हातावर धरण. त्यांना पुरलं तेव्हा घरचं घड्याळ हातातच राहू दिलं. धरणाचं माझ्यासाठी म्हणून आईने खणात ठेवलं. मला ते बांधवेना.

त्यानंतरच्या जुलैमध्ये मी पहिल्यांदा एकटीने पाहुणा नेला. मिस्टर थॉर्नबरी, निवृत्त मास्तर, वय अठ्ठ्याहत्तर, एक गुडघा कामातून गेलेला.

"ऑड्रा, पोरी, ट्राउट मासे मी पुष्कळ धरलेत," होडीत बसता बसता ते म्हणाले. "मला तो पट्टेरी बास हवाय. ट्राउट गिळणारा. तो दाखव, मग मरायला मोकळा."

"मरू नका, सर. माझा पहिलाच दिवस आहे."

ते खूप हसले. मी नाही हसले.

पाणी चारला सोडणार होते. आमच्यापर्यंत यायला त्याला दोन तास लागतात, म्हणजे सहा. मी तीनतीनदा हिशेब केला, आणि तिन्ही वेळा माझ्याच घड्याळावर केला.

नदीच्या मधोमध गोट्यांचं एक बेट आहे. त्याच्या वरच्या टोकाला होडीचं नाक ओढून ठेवलं आणि तीसेक पावलं खाली, घोटाभर पाण्यात, त्यांना उभं केलं. डॅडींनी शिकवल्याप्रमाणे पाण्याच्या कडेला एक पांढरा गोटा ठेवला. तो भिजला की निघायचं. धरणाच्या तळाचं पाणी बर्फासारखं असतं, त्यामुळे भर उन्हाळ्यातही त्यावर धुकं बसतं. पावणेपाचला होडी दिसेनाशी झाली. ओल्या दगडांचा वास, आणि चहूकडे ट्राउट पाण्यावर तोंड मारत होते... टप्, टप्.

मग ते सगळे एकदम थांबले.

"आला," मास्तर कुजबुजले. त्यांनी गळाला लावलेली पिसांची मोठी नकली माशी फेकली. गळाची काठी कमानीसारखी वाकली. त्यांचा चेहरा दहा वर्षांच्या मुलासारखा झाला होता, आणि मी तोच बघत राहिले. गोट्याकडे माझं लक्ष नव्हतं.

टक टक.

होडीच्या कडेवर वल्ह्याने दोनदा. ही डॅडींची खूण. दोन म्हणजे वाद नको, निघ.

"तुझ्याबरोबर कुणी आहे का?" मास्तरांनी विचारलं.

"नाही... वारा असेल."

वारा नव्हता. पुन्हा, सावकाश... टक टक.

मी खाली पाहिलं. पांढरा गोटा वीतभर पाण्याखाली होता. चार हे धरणाचे चार होते; पाणी सहाला नव्हे, पाचलाच आलं होतं.

मी मास्तरांच्या गळाची दोरी कापली. मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि त्यांच्याकडे तोंड करून, होडीकडे पाठ करून, मागे मागे चालू लागले. पाणी गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत. त्यांचा पाय लटपटला. मी रडत होते आणि "अजून थोडं, सर" म्हणत होते. ते मात्र माझ्या खांद्यावरून समोर बघत, अगदी शांतपणे येत होते.

पाठीला होडी लागली. ती जराही हलत नव्हती. त्यांना चढवलं, मी चढले, आणि त्याच क्षणी होडी सुटल्यासारखी वाहू लागली. बेट पाण्याखाली गेलं होतं. नांगर होडीत कोरडाच पडला होता. मी तो टाकलाच नव्हता.

मास्तर म्हणाले, "तुझ्या माणसाला मागे सोडलंस की."

"कोणता माणूस, सर?"

"होडी धरून उभा होता तो. कमरेइतक्या पाण्यात." त्यांनी मागे वळून पाहिलं. "दोन्ही हातांत घड्याळं कशाला घालतो गं तो?"

त्यांना मी डॅडींबद्दल काही सांगितलं नव्हतं.

घरी आले. आई मक्याचा पाव कापत होती. मी सरळ जाऊन खण उघडला. घड्याळ चालू होतं, बरोबर एक तास पुढे. चामड्याचा पट्टा ओलाचिंब होता, धरणाच्या तळाच्या पाण्याइतका गार.

तेव्हापासून रोज बांधते. तीन उन्हाळे झाले, पट्टा अजून वाळलेला नाही.

हात लावून बघा हवं तर. घाबरू नका... मीही आता फारशी घाबरत नाही.