आत्याची तार

कोडं असं होतं. तालुक्याच्या रुग्णालयात एक गृहस्थ हात मोडून घेऊन आले. ते आंब्याच्या कलमावरून पडले होते आणि ही बातमी शेजारच्या तालुक्यालाही कळावी अशा बेताने विव्हळत होते. त्यांच्यानंतर एक बाई स्वतःच्या पायांनी चालत आल्या. रक्त नाही, ओरडा नाही. पित्ताची गोळी मिळेल का, एवढंच त्यांनी विचारलं. दारातल्या रोबोने आधी कोणाला आत बोलावलं?

बाईंना. आणि बाईंनी जायला साफ नकार दिला.

या बाई म्हणजे वैजयंती शिवगण, गावच्या पोस्टमास्तर. सोबत अकरा वर्षांची भाची कस्तुरी. साल २०३९. रोबो कायम दारात उभा, म्हणून गावाने त्याला दारकर म्हणायला सुरुवात केली होती. कोकणात आडनावाशिवाय माणसाला कोणी विचारत नाही, तिथे यंत्राला कोण विचारणार.

"काय होतंय, बाई?" दारकरने विचारलं होतं.

"पित्त. सकाळी आंबोळ्या जास्त झाल्या. कोकम प्यायले, ओवा चावला, उतरत नाही."

"दुखतंय कुठे?"

"दुखत नाही. जबड्यात जरा ओढ लागते, आणि घाम. मे महिन्यात घाम सगळ्यांनाच येतो."

"इथे बावीस अंशांचा गारवा आहे. बाकी कोणाला आलेला नाही," दारकर म्हणाला. "आत चला. ईसीजी (हृदयातल्या विजेचा आलेख) काढायचा आहे. दारात पाऊल टाकल्यापासून दहा मिनिटांत तो निघायला हवा. तीन गेली."

"हे माझ्या आधी आलेत," आत्या खुर्चीत घट्ट बसत म्हणाली. "सदतीस वर्षं मी लोकांना रांगेत उभं केलंय. आमदारांच्या मेहुण्यालासुद्धा. आता मी स्वतः घुसू?"

गृहस्थांनी विव्हळणं थांबवलं. "बरोबर बोलतायत त्या," ते म्हणाले, आणि पुन्हा सुरू झाले.

कस्तुरीलाही ते पटलं. "दारकर, यांचा हात मोडलाय. आत्याला नुसतं पित्त."

"मोडलेला हात तासाभराने जोडला तरी जुळतो," दारकर म्हणाला. "हृदय हा एक स्नायू आहे. त्याला रक्त पोचवणाऱ्या नळीत (तिला रोहिणी म्हणतात) गुठळी अडकली, की पुढचा स्नायू उपाशी राहतो आणि मिनिटामिनिटाने मरत जातो. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही. म्हणून इथे ट्राएज (आधी कोण आलं ते न बघता, कोणाला थांबणं परवडणार नाही ते बघून लावलेला क्रम) असतो."

"पण मग छातीत जोरात दुखायला हवं ना?"

"पुष्कळांना दुखतं. काहींना, त्यातही बायकांना, नुसता घाम, मळमळ, जबड्यात नाहीतर पाठीत ओढ. या तालुक्यात हृदयविकाराचं पाळण्यातलं नाव पित्त आहे. खरोखरच पित्तही असेल. वरून बघून मलाही कळत नाही, म्हणून तर आलेख. सहा मिनिटं गेली."

कस्तुरीने आत्याकडे पाहिलं. ओठ पांढरट पडले होते. पर्सचा बंद तिने उगाचच मुठीत आवळला होता. ओढून नेण्याइतकी कस्तुरी मोठी नव्हती आणि आत्या ऐकणाऱ्यांतली नव्हती. मग तिला आत्याच्या नोकरीच्या सुरुवातीच्या गोष्टी आठवल्या.

"आत्या, तुझ्याकडे सकाळी पत्र आलं आणि दुपारी तार आली, तर आधी काय पोचवायचीस?"

"तार. हा काय प्रश्न झाला? तारेला कसली आलीय रांग..."

आत्या मध्येच थांबली. आपल्याच टेबलावर आपलाच शिक्का पालथा पडलेला दिसावा, तसा तिचा चेहरा झाला.

"म्हणजे मी पत्र?" गृहस्थांनी दुखावून विचारलं.

"साधं टपाल," आत्या म्हणाली आणि उठली.

"जा बाई," ते म्हणाले. "साधं टपाल थांबतं."

आत डॉक्टर मुकादमांनी तिला झोपवून दहा इलेक्ट्रोड (वीज टिपणाऱ्या चिकट चकत्या) लावले. यंत्राने रेघ काढायला सुरुवात केली.

"प्रत्येक ठोक्याआधी हृदयात विजेचा बारीकसा संदेश फिरतो," डॉक्टर कस्तुरीला म्हणाल्या. "चकत्या तो कातडीवरून ऐकतात. एकच घर बारा बाजूंनी बघावं, तसं यंत्र बारा बाजूंनी चित्र काढतं. निरोगी हृदयाची रेघ उंच सुळक्यानंतर पुन्हा सपाटीला येते. हिची बघ."

आत्याची रेघ खाली आलीच नव्हती. सुळक्यानंतर ती टेकडीसारखी वरच राहिली होती.

"हा उपाशी स्नायूचा निरोप. हृदयविकाराचा झटका चालू आहे."

"आणि रेघ नीट खाली आली असती तर?"

"तरी सोडलं नसतं. थोड्या वेळाने पुन्हा काढली असती, रक्तही तपासलं असतं. पहिल्या निरोपात कधी कधी काहीच नसतं."

आलेख त्याच क्षणी रत्नागिरीच्या हृदयतज्ज्ञांना पोचला. तिकडून होकार आला आणि गुठळी विरघळवणारं औषध आत्याच्या शिरेत गेलं. उडती रुग्णवाहिका मंजूर होती, म्हणजे फायलींमधून उडत होती; चाकांची मात्र दारात उभी होती. निघण्यापूर्वी पुन्हा आलेख काढला, तेव्हा टेकडी उतरू लागली होती.

दारकरने नोंद केली. आगमन ते आलेख: नऊ मिनिटं. उशिराचं कारण: रुग्ण तत्त्वनिष्ठ. उपाय: भाची.

कस्तुरीने ती नोंद छापून मागितली आणि वर्गात सगळ्यांना दोनदा दाखवली.

दोन महिन्यांनी आत्या कामावर परतली, तेव्हा तिने वरपर्यंत पत्रं लिहून लिहून एक गोष्ट मंजूर करून घेतली होती. आता डोंगरातल्या वाड्यांवर जाणाऱ्या प्रत्येक पोस्टमनच्या झोळीत वहीएवढं ईसीजी यंत्र असतं. कोणी नुसतं "पित्त" म्हणालं, तरी तो आलेख काढतो आणि माणूस गाडीत बसायच्या आत आलेख रुग्णालयात पोचतो.

त्या यंत्रांवर चिकटवायच्या पट्ट्या आत्याने स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिल्या आहेत: "तार. आधी ही." खिडकीपुढची रांग मात्र अजून तशीच कडक आहे. परवा तिथे प्लास्टर निघालेले ते गृहस्थ पुढे घुसायला बघत होते.

"साधं टपाल," आत्या चष्म्यावरून म्हणाली. "मागे."