संबंध असल्यास स्वरूप लिहावे

सौदा मोडला तो भार्गवीच्या तोंडामुळे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

अमरगोळच्या बाजार आवारात ती त्या दिवशी पहिल्यांदाच आली होती. पंधरा दिवस पावसाची नुसती पिरपिर चालू होती आणि शेडखाली ओल्या पोत्यांचा कुबट वास कोंडला होता. कोपऱ्यात एक तरुण आणि एक जाडजूड व्यापारी एकमेकांकडे टक लावून गप्प उभे होते — दोघांचे हात एकाच टॉवेलाखाली.

"अहो, हे काय लपवताय तुम्ही?" भार्गवीनं मोठ्यानं विचारलं.

दहा डोकी वळली. व्यापाऱ्यानं हात ओढून घेतला आणि कानडीत काहीतरी पुटपुटत तो चालता झाला.

तरुणानं टॉवेल खांद्यावर टाकला. "मॅडम, भाव ठरत आला होता. एक बोट राहिलं होतं फक्त."

"बोट?"

"टॉवेलाखाली बोटं धरून भाव सांगतात री. तिसऱ्याला कळू नये म्हणून. आता पोती तुम्हीच घ्या. कुंदगोळकडच्या बायकांचा सावा आहे."

भार्गवीचा चेहरा पडला, कारण ती त्याच बायकांसाठी आली होती. बंगळूरच्या एका न्यासात ती नोकरीला होती. इथल्या मातीत पिकतं ते इथल्या ताटात यावं आणि पिकवणारीच्या पदरात त्यातलं पुरेसं पडावं, यासाठी तो न्यास मदत द्यायचा. कोणाला द्यावी ते भार्गवीनं हिंडून, बघून सुचवायचं. आणि हा सुमंत, शहरातल्या दुर्गदबैल बाजारपेठेतल्या धान्य दुकानदाराचा मुलगा, त्या बायकांच्या संघाचा बिनपगारी सचिव निघाला. 'मिरजेहून इथं आलो त्याला तीन पिढ्या झाल्या, पण घरात असला सचिव पहिलाच,' असं त्याचे वडील गिऱ्हाइकांना सांगत. अभिमानानं नव्हे.

पुढे दोघं कितीदा तरी त्या बायकांच्या गावाला गेली. संघात बेचाळीस बायका. सावा पिकवायचा त्यांनी, आणि उखळात घालून सडायचाही त्यांनीच. संघाच्या कुसुमक्काचा उजवा हात मुसळ मारून मारून खांद्याच्या वर जात नव्हता. डोक्याला तेल लावायला सून लागायची. सडायला हात पुरत नाहीत म्हणून निम्मी पोती तशीच, टरफलासकट, मिळेल त्या भावाला जायची. एक सडायचं यंत्र मिळालं तर तोच सावा शहरातल्या अंगणवाड्यांना आणि वसतिगृहांना थेट देता येणार होता. बायकांची मागणी तेवढीच होती.

आणि या यंत्राच्या मागे धावता धावता व्हायचं ते झालं. कसं झालं म्हणाल, तर एका काळवंडलेल्या दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, भार्गवीच म्हणाली, "दाखवा तरी, टॉवेलाखाली कसं करतात ते."

सुमंतनं टॉवेल पसरला. खाली त्याचा हात आला... सावा चाळून खरखरीत झालेला, पण ऊबदार.

"एक बोट धरलं, की एक. दोन धरली, की दोन."

"आणि अख्खा पंजा धरला तर?"

"पाच."

"आणि... सोडलाच नाही तर?"

सुमंतचे कान लाल झाले. "मग समोरच्यानं ठरवायचं. पटत नसेल तर हात काढून घ्यायचा."

भार्गवीनं हात काढून घेतला नाही. बाहेर हातगाडीवाले रिक्षावाल्यांशी कानडीत कडाकडा भांडत होते. तिला त्यातला एकही शब्द ऐकू आला नाही.

त्याच आठवड्यात, गंमत बघा, तिनं संघाला टॉवेलाखालचे सौदे बंद करायला लावले. गावात फळा लागला, त्यावर रोजचा भाव खडूनं लिहायचा. "झाकून काही ठरवायचं नाही," असं तिनं बायकांना बजावलं. कुसुमक्का तोंडाला पदर लावून हसली. "मेडम, मग तुमचं लग्न यावाग री? कधी ते फळ्यावर लिहा की!" बेचाळीस बायका खिदळल्या. सुमंत घाईघाईनं फळ्यावर त्या दिवसाचा भाव लिहायला लागला.

डिसेंबरात न्यासाचा अर्ज आला. भार्गवीनं विद्यानगरातल्या आपल्या छोट्या ऑफिसात तो भरायला घेतला. भराभर पानं उलटत ती नवव्या कलमाशी आली आणि थांबली. 'शिफारस करणाऱ्या व्यक्तीचा सदर संस्थेतील कोणाशी वैयक्तिक संबंध आहे काय? असल्यास स्वरूप लिहावे.' खाली दोन सह्या हव्या होत्या — तिची, आणि संघाच्या सचिवाची.

तिनं त्याला बोलावून घेतलं. त्या दिवशी आभाळ इतकं खाली आलं होतं, की अकरा वाजता दिवे लावावे लागले.

"'आहे' लिहिलं तर?" सुमंतनं विचारलं.

"तर पाहणी दुसरं कोणीतरी नव्यानं करणार. मदतीची यादी आज पाचला बंद होते. म्हणजे यंदा यंत्र नाही. पुढचं कोणी सांगावं?"

"मग 'नाही' लिही. कोणाला कळतंय?"

"गेल्या साली एका संघाचं असंच उघडकीला आलं. दिलेलं यंत्र परत नेलं, सुमंत. बायका ट्रकामागे चालत गेल्या होत्या."

"दोन-चार दिवस गप्प राहू. झाकून —"

तो मध्येच थांबला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं.

"मी नोकरी सोडतो म्हणावं तर माझी नोकरीच नाही," तो म्हणाला. "सचिवपद सोडू?"

"शहरातली सगळी गिऱ्हाइकं तुझ्या शब्दावर आहेत. तू गेलास की यंत्र असून काय उपयोग?"

"आणि तू?"

"मी शिफारस करून नोकरी सोडली, की कोणीही म्हणेल याच्यासाठीच केली. मग ट्रक येईलच." "प्रेम आहे माझं तुझ्यावर. कधी म्हटलं नव्हतं, आज म्हणते. बेचाळीस बायकांच्या खांद्यावर उभं राहून मला ते नको."

सुमंत खिडकीशी गेला. मग येऊन बसला.

"माझंही आहे," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. सौदा मोडलास त्या दिवसापासून."

भार्गवीनं पेन उचललं आणि 'नाही' लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं.

"हे खोटं आहे, भार्गवी."

"आत्ता खोटं आहे. खरं करायचंय, आजपासून. मी बंगळूरला बदली मागितलीय."

"मदत तीन वर्षांची आहे ना? तीन वर्षांनी कलम उरत नाही. तोवर मी थांब—"

"नको." तिनं त्याला पुढचं बोलू दिलं नाही. "थांबतो म्हणालास, तर तोही संबंधच झाला. मग तो इथं लिहावा लागेल."

सुमंतनं तिच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. त्यानं कागद आपल्याकडे ओढला, तिच्या 'नाही'च्या खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं, सही केली. मग उठला आणि, बाजार आवारात पहिल्या दिवशी म्हणाला होता तसं नव्हे, अगदी परक्या माणसाला म्हणावं तसं म्हणाला, "येतो मॅडम."

"या," भार्गवी म्हणाली.

पाचला दहा मिनिटं असताना तिनं अर्ज पाठवला. त्यात एकही शब्द खोटा उरला नव्हता.